पैठणी परत मिळावी

‘आजचा निवाडा’ या टीव्ही कार्यक्रमाचं कोर्ट नाशिकच्या अंबड भागात, एका बंद पडलेल्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात भरत असे. न्यायाधीशांचं उंच आसन, साक्षीदारांचे दोन पिंजरे, मागचे जाडजूड खांब, सगळं प्लायवूडचं. खांबावर टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखा आवाज येई, म्हणून कोणी खांबाला टेकायचं नाही असा नियम होता. न्यायाधीशांपुढे एक लाकडी हातोडाही होता. आपल्याकडच्या कोर्टात हातोडा नसतो हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि न्यायाधीश म्हणून बसणाऱ्या ज्योत्स्ना मॅडमना तर सर्वांत जास्त, कारण त्यांनी स्वतः सोळा वर्षं वकिली केली होती. पण हातोड्याशिवाय कोर्ट लोकांना खरं वाटत नाही, असं चॅनेलवाल्यांचं म्हणणं. मॅडम पहिल्या आठवड्यात लाजल्या, दुसऱ्या आठवड्यात हसल्या, आणि आता हातोडा जागेवर नसला तर त्याच आरडाओरडा करतात.

सकाळी साडेनऊला शहरातल्या द्वारका चौकातून प्रेक्षकांची मिनीबस येते. चाळीसेक माणसं, त्यात रिकामे रिक्षावाले असतात, रिटायर झालेले कारकून असतात, डबे पोचवून मोकळ्या झालेल्या बायका असतात. बसवल्या बसवल्या आधी कॅमेऱ्यात त्यांचे चेहरे उरकून घेतात. दोन मिनिटं धक्का बसल्याचा चेहरा, दोन मिनिटं हसू, दोन मिनिटं ‘अरेरे’, आणि शेवटी टाळ्या. केस कुठली, भांडण कोणाचं, त्या बिचाऱ्यांना काही माहीत नसतं. आधी हळहळून घ्यायचं आणि मग दिवसभर आरामात बसायचं. आपल्यालाही असं आधी उरकून टाकता आलं असतं तर किती सोयीचं झालं असतं!

तृप्ती इथली केस-कोऑर्डिनेटर. नाव भारदस्त असलं तरी काम साधं. भांडणारी माणसं शोधायची, त्यांच्या सह्या घ्यायच्या, ठरल्या दिवशी दोन्ही बाजूंना इथे आणायचं आणि कॅमेरा सुरू होईपर्यंत भांडण जिवंत ठेवायचं. यातलं शेवटचं काम सर्वांत अवघड. माणसं आपल्या गावात वर्षानुवर्षं भांडतात. पण परक्या जागी, एसीच्या गारठ्यात, आपल्याच घरातलं तोंड समोर दिसलं की त्यांचा धीर सुटतो आणि ती एकमेकांना ‘जेवलास का’ विचारतात.

सटाण्याच्या दोन भावांनी असाच घात केला होता. सामाईक विहिरीचा वाद, अकरा वर्षं बोलणं नाही. एपिसोड झणझणीत होणार म्हणून योगेश, म्हणजे कार्यक्रमाचा दिग्दर्शक, सकाळपासून हात चोळत होता. आणि शूटिंगला पाच मिनिटं असताना दोघे भाऊ मुतारीत शेजारी शेजारी उभे राहिले. आत काय बोलणं झालं कोण जाणे. बाहेर आले ते थोरल्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर. ‘‘जाऊ दे ना भाऊ, काय शे त्यामा,’’ असं म्हणत दोघं गेटबाहेर पडले आणि थेट एसटी स्टँडला गेले. योगेश त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत पळाला होता.

त्या दिवसापासून कारखान्याचे दोन भाग झाले. एक लाल बाजू, एक निळी बाजू. दोन गाड्या, दोन गेटं, चहाचे दोन थर्मास, दोन मुताऱ्या. लाल बाजूच्या माणसाला निळी बाजू दिसायची ती एकदम कॅमेऱ्यासमोर. ‘भेट झाली की केस गेली’ असं योगेशने मेकअपच्या आरशावर स्केचपेनने लिहून ठेवलं होतं.

केस सुरू होण्याआधी तासभर तृप्ती दोन्ही खोल्यांत ये-जा करायची. याला तिथे ‘तापवणं’ म्हणत. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिचा नियम एकच. खोटं बोलायचं नाही, कारण खोटं पकडलं जातं. अर्धं बोलायचं. सासू म्हणाली, ‘पोर मनानं चांगली आहे, पण हट्टी आहे,’ तर सुनेच्या खोलीत ‘हट्टी म्हणाल्या तुम्हाला’ एवढंच पोचवायचं. बाकीचं वाक्य आपल्याजवळ ठेवायचं आणि विसरून जायचं.

सुरुवातीला तिला वाईट वाटायचं. पुढे जेवणाच्या सुट्टीनंतर वाटेनासं झालं, मग सकाळीही वाटेना. आता काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. घरी जाऊन ती जेवायची, मोबाइल बघायची आणि गाढ झोपायची. तीन वर्षं झाली होती.

येवल्याहून सुलाबाईंचा फोन आला तो मंगळवारी दुपारी. कार्यक्रमाच्या तळाशी एक नंबर फिरत असतो, त्यावर.

‘‘ते कोर्टवालं हाय का?’’

‘‘हो मावशी, बोला. कोणाशी वाद आहे?’’

‘‘वाद नाय. माझी पोरगी माझ्याशी बोलत नाय.’’

‘‘जमिनीवरून?’’

‘‘जमीन कुठली आलीय! मीच बोलले तिला. लय वाईट बोलले. चार वर्षं झाली.’’

तृप्तीने पेन खाली ठेवलं. अशी पश्चात्तापाची माणसं टीव्हीच्या काही कामाची नसतात. ‘‘मावशी, यात आम्ही काय करणार?’’

‘‘तुम्ही बोलावता ना! मी रोज बघते, शेजारच्या सगुणाबाईकडं. भाऊ येतो, जावई येतो, पळून गेलेला नवरासुदा येतो. तुम्ही बोलावलं की समदे येतात. मी बोलावलं तर ती फोन उचलत नाय.’’

तृप्तीने नंबर लिहून घेतला तो केवळ फोन ठेवता यावा म्हणून. पण संध्याकाळी शुक्रवारची एक केस गळाली. दोन्ही पक्षांच्या वकिलांनी त्यांना दम भरला होता. योगेश कपाळाला हात लावून बसला, आणि तृप्तीला येवल्याची बाई आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती येवल्याला गेली.

घर दोन खोल्यांचं. पुढची खोली जवळजवळ पूर्ण मागाने व्यापलेली. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, बाजूला सुलाबाईंचे यजमान मल्हारी यांचा. सुलाबाई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या होत्या. वय साठीच्या आतबाहेर, हात सतत चालू. व्यापाऱ्याकडून रेशीम आणि जर यायची, यांनी पैठणी विणून द्यायची, मजुरी घ्यायची. आयुष्यभर हेच. दुसऱ्यांच्या लेकींच्या लग्नातल्या किती पैठण्या त्यांच्या हातून गेल्या, त्यांनाही सांगता आलं नसतं.

विणता विणताच त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी मनाली, नाशिकला एका हॉस्पिटलात नर्स. एकवीस सालच्या एप्रिलमध्ये मल्हारी हृदय बंद पडून गेले. मनाली तेव्हा कोविडच्या वॉर्डात अडकलेली. तिला यायला दोन दिवस लागले. तोवर सगळं उरकलं होतं.

‘‘मास्क लावूनच दारात उभी राहिली. मी समद्या लोकांसमोर म्हणले, परक्यांना पाणी पाजत बसलीस, बापाच्या तोंडात थेंब नाय घातला. परत या दारात पाय ठेवू नको म्हणले.’’ सुलाबाईंनी धागा तुटला होता तो बोटाने जोडून घेतला. ‘‘आणि नाय ठेवला तिनं. शब्दाची पक्की हाय. बापावर गेलीय.’’

तृप्तीने फॉर्म काढला. नावं, गावं, नातं भरलं, आणि ‘मागणी’ असं लिहिलेल्या चौकटीशी ती थांबली.

‘‘लिवा, पोरीनं आईशी बोलावं,’’ सुलाबाई म्हणाल्या.

‘‘असं नाही चालत मावशी. आमच्या मॅडम निवाडा देतात तो लवादाचा असतो, कागदावर येतो. त्याला वस्तू लागते, नाहीतर रक्कम. बोलण्याचा निवाडा देता येत नाही.’’

सुलाबाईंना हे पटलं नाही, पण कोर्टाचं काम आपल्याला काय कळणार असं त्यांच्या तोंडावर आलं. ‘‘तिच्याकडं काय मागू? माझ्याकडूनच गेलंय तिला.’’

‘‘काय गेलंय?’’

‘‘पैठणी. लग्नात दिलेली. व्यापाऱ्याचं काम संपलं की तिची विणायची, असं सात महिने चाललं होतं. जांभळी, नारळी काठाची. माझ्या घरची तेवढीच एक.’’

तृप्तीच्या डोक्यात एपिसोड तयार झाला. येवल्याची विणकर आई, तिच्या हातची पैठणी, आणि ती परत मागते आहे पोटच्या लेकीकडून. याहून चांगलं काय मिळणार होतं? तिने चौकटीत लिहिलं : ‘पैठणी परत मिळावी.’

‘‘पण मला ती परत नकोय,’’ सुलाबाई घाईने म्हणाल्या.

‘‘नुसतं लिहायचं असतं, मावशी. त्याशिवाय तिला बोलावता येणार नाही. तिथे आलात की काय सांगायचं ते सांगा.’’

एवढं ऐकल्यावर सुलाबाईंनी पदराला हात पुसले आणि सही केली. अक्षर मोठं, गोलसर, शाळेतल्या मुलीसारखं.

मनालीला फोन केला तेव्हा ती ड्यूटीवर होती. ‘‘तुमच्या आईंनी तुमच्यावर दावा लावलाय. पैठणी परत मागितलीय,’’ तृप्तीने सांगितलं. मग मनालीने विचारलं, ‘‘कधी यायचं?’’ सुलाबाईंचं म्हणणं खरं ठरलं. बोलावल्यावर ती आली.

शुक्रवारी सकाळी आधी येवल्याची गाडी आली, लाल गेटने. वीस मिनिटांनी मनाली आली, निळ्या गेटने. तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती. निळ्या खोलीत बसल्या बसल्या तिने ती मांडीवर घेतली आणि तृप्ती माइक लावायला वाकली तेव्हा म्हणाली,

‘‘मॅडम, मला केस लढायची नाही. पैठणी आणलीय मी. फक्त दोन मिनिटं मला आईला भेटू द्या.’’

‘‘शूटिंगच्या आधी भेटता येत नाही, मनालीताई. नियम आहे.’’

‘‘दोन मिनिटं. तिनं माझ्याकडे बघून सांगावं, की तिला परत पाहिजे म्हणून. मग मी गुपचूप देऊन निघून जाते. ती दिलेलं परत मागणारी बाई नाहीये हो. तिला कोणी शिकवलंय का?’’

लाल खोली भिंतीपलीकडेच होती. भिंतही प्लायचीच. मनालीने ‘आई’ म्हणून जरा मोठ्याने हाक मारली असती तरी पलीकडे ऐकू गेलं असतं. तृप्तीने माइकची वायर तिच्या ओढणीखाली सारखी केली, फाइल उघडली आणि फॉर्म पुढे धरला.

‘‘सही त्यांचीच आहे ना?’’

मनाली सहीकडे बघत राहिली. ‘‘मीच शिकवलीय तिला ही सही,’’ ती म्हणाली. ‘‘दहावीच्या सुट्टीत.’’ आणि त्यानंतर तिने काही विचारलं नाही.

लाल खोलीत सुलाबाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. ‘‘आली?’’

‘‘आली.’’

‘‘एकटीच? काय म्हणली?’’

‘‘पैठणी आणलीय म्हणाल्या.’’

‘‘कशाला आणली! मला नको ना ती. मी उभी राहिल्या राहिल्याच सांगून टाकते.’’

आता मात्र तृप्तीने योगेशला बोलावलं. योगेश आला, गुडघ्यावर बसला आणि फार प्रेमाने बोलला. त्याला ते साधतं. ‘‘मावशी, पैठणी नको म्हणालात तर केसच उरत नाही. मग आम्ही दिवे बंद करणार, आणि तुमची पोरगी लगेच घरी जाणार. आधी केस होऊ द्या. मग तुम्ही दोघी सावकाश बसा, पाहिजे तेवढं बोला. आम्ही मध्ये येणार नाही.’’

‘‘नक्की भेटवाल?’’

योगेश स्वतः कधी शब्द देत नाही. त्याने तृप्तीकडे बघितलं. ‘‘हो,’’ तृप्ती म्हणाली. ते खोटं नव्हतं. भेटवायचं तिच्या मनात होतं, जसं मनात दाताच्या डॉक्टरकडे जायचं असतं.

केस सुरू झाली. दोन बाजूंनी दोघी आल्या आणि आपापल्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. मध्ये पंधरा फूट जागा आणि डोळ्यांवर दिवे. साधी माणसं इथे आली की बावरतात, म्हणून तृप्ती कॅमेऱ्यामागे, त्यांना दिसेल अशी उभी राहायची. अडलं की ही माणसं तिच्याकडे बघत. ती मान हलवायची. हो, बरोबर चाललंय. एवढ्या परक्या जागेत तेवढंच एक ओळखीचं तोंड असल्यामुळे माणसं त्या मानेवर फार विसंबून असत.

ज्योत्स्ना मॅडमनी आधी मनालीला वडिलांच्या मृत्यूबद्दल विचारलं. तिने थोडक्यात सांगितलं. वॉर्डात बावन्न पेशंट होते, बदली कोणी नव्हतं, आले तेव्हा उशीर झाला होता. आवाज रिपोर्ट वाचून दाखवावा तसा.

‘‘आई, तेव्हा तुम्ही लेकीला काय म्हणालात?’’

‘‘म्हणले, या दारात पाय ठेवू नको. पण तेव्हा मी...’’

‘‘कट,’’ योगेश ओरडला. ‘‘छान, मावशी. इथपर्यंतच ठेवू. मॅडम, डायरेक्ट पैठणीवर या.’’ मॅडमच्या कानात त्याचा आवाज जातो, तरी तो मोठ्यानेच बोलतो. सुलाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. त्यांचं उरलेलं वाक्य ऐकायला कोणी थांबलं नव्हतं, आणि पुन्हा कॅमेरा सुरू झाला तेव्हा प्रश्न पुढचा होता.

‘‘सुलाबाई, ही पैठणी तुम्ही स्वतः विणलीत. आज ती तुम्हाला परत हवी आहे. हो की नाही?’’

सुलाबाईंनी पलीकडे बघण्याचा प्रयत्न केला, पण दिव्यांनी डोळे दिपले. मग त्यांनी तृप्तीकडे बघितलं. तृप्तीने मान हलवली.

त्यात तिने काही ठरवलं नव्हतं. गाडी चालवणाऱ्याचा हात आपोआप गिअरवर जातो, तशी तिची मान हलली. तीन वर्षं ती अशीच हलत होती.

‘‘हो,’’ सुलाबाई म्हणाल्या.

मनालीने पिशवी उघडली. पैठणी मलमलच्या कपड्यात गुंडाळलेली होती, घडी मोडलेली नव्हती. ती पिंजऱ्यातून उतरली, मधल्या टेबलावर पैठणी ठेवली आणि परत जागेवर जाऊन उभी राहिली. ‘‘मला काही म्हणायचं नाही,’’ ती म्हणाली.

योगेशला हे फार सपक वाटलं. तिने थोडं भांडावं, निदान रडावं, म्हणून मॅडमनी तीनदा वेगवेगळ्या प्रकारे विचारून पाहिलं. तिन्ही वेळा तेच उत्तर. शेवटी मॅडमनी लेखकाने आदल्या दिवशी टाइप करून ठेवलेला निवाडा वाचला. ‘‘आईचे कष्ट कोणत्याच लेकीला परत करता येत नाहीत, मनाली. पण आईची वस्तू परत करता येते.’’ वाचला मात्र असा की कोणालाही गलबलून यावं. मग हातोडा वाजला. सकाळी घेतलेल्या टाळ्या होत्याच, तरी प्रेक्षकांनी सवयीने पुन्हा वाजवल्या.

सुलाबाई जिंकल्या होत्या.

हरलेल्या बाजूने आधी बाहेर पडायचं, हाही तिथला नियम. दोघं बाहेर एकत्र आले तर मारामारी होते. जिंकलेल्याला मागे थांबवून प्लास्टिकच्या वेलीपुढे उभं करतात आणि दोन वाक्यं बोलून घेतात. सुलाबाईंनी पैठणी छातीशी धरून, शिकवलं होतं तसं म्हटलं, ‘‘मला न्याय मिळाला. मी ‘आजचा निवाडा’ची आभारी हाय.’’ योगेश म्हणाला, मावशी, जरा हसून. त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा हसून.

‘‘आता भेट,’’ त्या तृप्तीला म्हणाल्या.

तृप्ती निळ्या बाजूला गेली. खोली रिकामी. गाडी गेटवर नव्हती. तिने ड्रायव्हरला, सुनीलला, फोन लावला.

‘‘मॅडम, द्वारकेच्या सिग्नलला अडकलोय. लय ट्राफिक आहे.’’

‘‘ताईंना दे.’’

हॉर्नच्या गोंगाटात मनालीचा आवाज आला. ‘‘बोला.’’

‘‘आईंना तुम्हाला भेटायचंय. गाडी वळवायला सांगते.’’

‘‘कशाला? मिळाली ना तिला.’’

तृप्ती भिंतीला टेकली. ‘‘मनालीताई, त्यांना पैठणी नको होती. त्यांना फक्त तुम्हाला भेटायचं होतं. तो फॉर्म मी भरला. मागणीत काहीतरी लिहावं लागतं म्हणून मी ते लिहिलं. त्या तेव्हाच नको म्हणाल्या होत्या.’’ इतकं पुरं वाक्य ती इथे आल्यापासून कोणाला बोलली नव्हती. तिचं तिलाच ते पाठ करून म्हटल्यासारखं ऐकू आलं.

मनालीने अगदी शांतपणे विचारलं, ‘‘मॅडम, अजून शूटिंग बाकी आहे का?’’

‘‘नाही, नाही. शूटिंग नाहीये हे.’’

‘‘सकाळी मी तुमच्याकडे दोन मिनिटं मागितली, तेव्हा तुम्ही मला सही दाखवलीत. आता म्हणताय फॉर्म तुम्हीच भरला. मी परत आले की पुन्हा दिवे लावाल आणि आम्हाला गळ्यात पडायला सांगाल. बघते मी पण कधी कधी तुमचा कार्यक्रम, नाइट ड्यूटीला.’’ हॉर्न वाजत राहिले. ‘‘तिनं सगळ्यांसमोर हो म्हटलं. मी ऐकलं. तेव्हाही सगळ्यांसमोरच म्हणाली होती.’’

फोन सुनीलकडे गेला. सिग्नल सुटला, निघतो मॅडम, असं म्हणून त्याने ठेवला. तृप्तीने मनालीच्या मोबाइलवर पाच वेळा लावून पाहिलं. चार वेळा रिंग पूर्ण वाजली, पाचव्यांदा फोन बंद लागला.

लाल खोलीत सुलाबाई उभ्याच होत्या. तृप्तीने सांगितलं, ‘‘नाही येत म्हणाल्या, मावशी. मी खरं काय ते सांगितलं त्यांना. त्यांना ते खरं वाटलं नाही.’’

सुलाबाईंनी रडारड केली नाही. त्या विचार करत होत्या. मागावर एखादा धागा कुठे चुकला ते शोधत माणूस मागे मागे जातं, तशा. मग त्यांचं तोंड एकदम उजळलं.

‘‘मंग आता तिला माझ्यावर केस करायला सांगा. म्हणावं, पैठणी माझी हाय, आईनं नेली. ती केस करंल तर तिला यावंच लागंल ना? मी लगी देऊन टाकीन. या बारीला मी कोणाकडं बघणार नाय.’’

‘‘मावशी, त्याच दोन माणसांची केस परत घेता येत नाही. कागदात आहे तसं. तुम्ही सही केलीय, त्यांनीही केलीय.’’

‘‘म्हंजी एकदाच?’’

‘‘एकदाच.’’

‘‘म्हंजी बोलवायचं एकदाच होतं,’’ सुलाबाई म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसल्या.

बाहेर येवल्याच्या गाडीने हॉर्न दिला. तृप्तीने त्यांच्या पदराला लावलेला माइक काढून घेतला, वायर गुंडाळली आणि त्यांना हाताला धरून गेटपर्यंत आणलं. गाडीत बसताना सुलाबाई थांबल्या.

‘‘ताई, एक विचारू का? त्या दिव्यांपायी मला तिचं तोंड नीट दिसलंच नाय. नुसती उभी हाय एवढं दिसलं. तुम्ही तर जवळून बघितली तिला. बारीक झालीय का हो?’’

तृप्तीने आठवून पाहिलं. सव्वा तास ती मनालीबरोबर होती. तिच्या इतक्या जवळ वाकून तिने माइक लावला होता. तिला ओढणीचा रंग आठवला, पिशवीचा बंद आठवला, पलीकडची प्लायची भिंत आठवली. चेहरा काही केल्या आठवेना. गोरी की सावळी, तेही सांगता येईना.

‘‘मी बघितलंच नाही, मावशी,’’ ती म्हणाली.

‘‘असू द्या,’’ सुलाबाई म्हणाल्या, आणि तिच्या हातावर थोपटलं. ‘‘तुम्हाला तरी रोजची किती माणसं.’’

गाडी वळून येवल्याच्या रस्त्याला लागली. तृप्तीला लाज वाटली. फार दिवसांनी काहीतरी वाटलं होतं, म्हणून ती गेटजवळ ऊन सोसत उभी राहिली, ते लगेच जाऊ नये असं तिला वाटत होतं. मग दुपारच्या केसची गाडी आली, आणि खाली उतरलेल्या माणसाला ‘या काका, पाणी घेणार का’ असं विचारत ती त्याला आत घेऊन गेली.